आधी दोन तोंडं ठरवा : बेळगावसारख्या शहरात भुयारी रस्त्याचं नियोजन कसं करायचं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकलं की शेजारच्या स्कूटरवरचा कुणीतरी हमखास म्हणतो, "खालनं एक बोगदा मारून सोडलं की संपलं बघा." गेट उघडतं, दोन्ही बाजूंची वाहनं समोरासमोर घुसतात, हॉर्नच्या गदारोळात बोगदा विसरला जातो तो पुढची गाडी येईपर्यंत. मिरज-लोंढा मार्ग दुहेरी झाल्यापासून हा विषय जरा जास्त वेळा निघतो, एवढंच.

माझी नोकरी रस्ते आणि बोगद्यांच्या कामांवर गेली. आता टिळकवाडीत असतो. गल्लीतलं मंडळ, वॉर्डातले नगरसेवक, अभियांत्रिकीची पोरं, कुणी ना कुणी येऊन विचारतं की आपल्याकडे बोगदा होईल का आणि करायचा तर सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने चढा. आमच्याकडे बहुतेक वेळा आधी भूमिपूजन होतं आणि मग मोजणी.

पुढची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीभोवती फिरते. बोगदा मधोमध क्वचित फसतो, फसतो तो तोंडाशी. गाड्या तोंडाशी तुंबतात, पावसाचं पाणी तोंडातून आत शिरतं, जमीन तोंडासाठी जाते, कच्चा खडक तोंडाशी लागतो, धूर तोंडातून बाहेर येतो. म्हणून नकाशावर दोन तोंडं आधी शोधायची. मधली रेघ मागाहून ओढता येते.

पायरी १ : गाड्या मोजा

मोजणीला महागडं यंत्र लागत नाही. चौकाच्या प्रत्येक फाट्यावर दोन माणसं, एक वही, एक घड्याळ. एकाने फक्त दुचाकी मोजायच्या, दुसऱ्याने बाकी सगळं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आमची आजी भिंतीवर दुधाचा हिशोब मांडायची तसा. दर पंधरा मिनिटांनी पान उलटायचं. सकाळी सात ते रात्री नऊ, आठवड्यातले साधे तीन दिवस, आणि वर्षातून दोनदा : एकदा ऊस तोडणीच्या हंगामात, एकदा पावसाळ्यात. मे महिन्यात मोजू नका. एका गावची मोजणी माझ्याकडे तपासायला आली होती, आकडे अगदी गोड, कुठे कोंडीच नाही. तारखा बघितल्या तर शाळा-कॉलेजांना सुट्टी. सगळं पुन्हा करावं लागलं आणि त्यात वर्ष गेलं.

आता या सगळ्या वाहनांना एका मापात आणायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांबद्दलच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाची मोटारीशी तुलना करून आकडा दिलाय, त्याला पीसीयू म्हणतात. मोटार १. रस्त्यावरच्या वाहनांत दुचाकी दहा टक्क्यांहून जास्त असतील तर प्रत्येकी ०.७५, तशाच रिक्षा असतील तर २. बस-ट्रक थोडे असतील तर २.२. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४ ते ५. म्हणजे उसाचा एक ट्रॅक्टर शहरात शिरला की चार-पाच मोटारी शिरल्या असं धरायचं. मागं दोन ट्रॉल्या आणि वर गाण्यांचा टेप लावलेला असेल तर काय धरायचं, ते मार्गदर्शिकेत नाही.

समजा एका बाजूने पंधरा मिनिटांत ४२० दुचाकी, ९० मोटारी, ६० रिक्षा, १२ बस-ट्रक आणि २ ट्रॅक्टर गेले. दुचाकींचे ३१५, मोटारींचे ९०, रिक्षांचे १२०, बस-ट्रकचे साधारण २६, ट्रॅक्टरचे ८. बेरीज ५५९, तासाला सुमारे २,२४०. त्याच मार्गदर्शिकेत दोन मार्गिकांच्या एकेरी मुख्य रस्त्याची क्षमता तासाला २,४०० धरलीय. कागदावर रस्ता पुरतोय! मग प्रत्यक्षात का तुंबतो? कारण दोनपैकी एक मार्गिका उभ्या गाड्यांनी, फळांच्या हातगाड्यांनी आणि प्रवाशाची वाट बघणाऱ्या रिक्षांनी खाल्लेली असते. रामदेव गल्ली, गणपत गल्ली, खडेबाजार या भागात उभं राहून स्वतः बघा. असं निघालं तर बोगद्याची फाइल बंद करा आणि पार्किंगची उघडा. पहिल्याच पायरीवर थांबावं लागलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, काही कोटी वाचले.

पायरी २ : गाडी निघाली कुठून, चालली कुठे

मोजणीने गर्दी किती ते कळतं, कशासाठी ते कळत नाही. त्यासाठी विचारावंच लागतं. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, पार्किंगमध्ये दोनच प्रश्न : कुठून आलात, कुठे जाणार. सोबत शहराच्या वेशींवर, म्हणजे हिंडलगा, खानापूर रोड, नेहरूनगर, सांबरा रोड या बाजूंना गाड्यांचे नंबर टिपायचे. एका वेशीवर दिसलेली गाडी वीस-पंचवीस मिनिटांत दुसऱ्या वेशीवर दिसली तर ती शहरात कामाला आली नव्हती, नुसती आरपार गेली.

बोगद्याचं गिऱ्हाईक म्हणजे ही आरपार जाणारी गाडी. वडगावहून गणपत गल्लीत साडी घ्यायला निघालेल्या माणसाला बाजाराखालून काढून पलीकडे सोडलंत तर तो वळून पुन्हा बाजारात येणार.

आणि आरपार गाड्या खूप निघाल्या तरी पहिलं उत्तर बाह्यवळण रस्ता हेच असतं, बोगदा नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग शहराच्या कडेने जातो, पण तिथून गोव्याकडे जायचं तर खानापूर रोडला येणं भाग. त्यासाठीच हलगा-मच्छे बायपासची आखणी झाली, आणि तिथे शेतकरी का उभे राहिले हे आपल्याला कुणी सांगायला नको. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं ते शिवार म्हणजे बासमती पिकवणारी सुपीक जमीन. यावर कुणीतरी तोडगा सुचवतो : शेताखालून बोगदा काढा, वर भात तसंच राहू दे. ऐकायला छान आहे. पण उथळ बोगदा वरून खणूनच करतात, म्हणजे शेत उकरलं जाणारच. सुपीक थर बाजूला ठेवून परत पसरला तरी खालची पाण्याची वाट तुटलेली असते, आणि भाताचं शेत पाण्याच्या वाटेवर जगतं. खोलवरून न्यायचा तर खर्च आणि तोंडांचे उतार इतके लांबतात की आखणी पार बदलते. बायपासचा वाद बायपास म्हणूनच सोडवावा, बोगद्याच्या आड लपवू नये.

याच पायरीवर दुचाकींचा प्रश्न सोडवून टाका. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बोगद्यात दुचाकींना बंदी आहे. आपल्याकडे रस्त्यावर निम्म्याहून जास्त दुचाकी असतील आणि बोगद्यात त्यांना बंदी घातली, तर वरची कोंडी तशीच राहणार आणि खाली मोटारी आरामात पळणार. दुचाकींना प्रवेश द्यायचा तर हवा, उतार आणि वेगमर्यादा त्या हिशोबाने आखाव्या लागतात. हे नंतर बघू म्हणून चालत नाही.

पायरी ३ : स्वस्त उपाय संपले का ते तपासा

ही पायरी छोटी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. सिग्नलची वेळ, एकेरी मार्ग, बसथांबा चौकापासून शंभर मीटर मागे घेणं, अवजड वाहनांना वेळेचं बंधन. रेल्वे फाटकावर उड्डाणपूल किंवा रुळांखालून छोटा भुयारी मार्ग. कपिलेश्वर आणि तिसऱ्या गेटचा पूल आपण पाहिलाय, त्याचे फायदे-तोटेही पाहिलेत. प्रत्येक उपायापुढे "करून पाहिला" किंवा "या कारणाने जमत नाही" असं एकेक वाक्य लिहा. हे पान फाइलला जोडलं नसेल तर पुढे कुणीही शहाणा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल.

पायरी ४ : टेप घेऊन तोंडं शोधा

आता खरं काम. चौकाखालून जाणारा साधा भुयारी रस्ता घ्या. आत रस्त्यापासून छतापर्यंत साडेपाच मीटर मोकळी उंची हवी. वर छताचा काँक्रीटचा थर साधारण एक मीटर, त्याच्यावर रस्ता, पाण्याचे पाइप, केबल यांच्यासाठी आणखी दीड मीटर. म्हणजे खालचा रस्ता जमिनीपासून आठ मीटर खोल. चार टक्के उताराने आठ मीटर उतरायला २०० मीटर लागतात, आणि उताराच्या सुरुवातीला व शेवटाला गाडीला धक्का बसू नये म्हणून वळणदार सांधा द्यावा लागतो तो धरून अडीचशे. दोन्हीकडे मिळून पाचशे मीटर नुसते उतार! तीन टक्के उतार हवा तर त्याहून जास्त. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांत मोठ्या महामार्गांवरच्या लांब नव्या बोगद्यांना, भूगोलाने दुसरा पर्यायच ठेवला नसेल ते सोडून, पाच टक्क्यांवर चढ मिळत नाही आणि तीन टक्क्यांच्या वर गेलं की जादा सुरक्षा मागतात. चढावर ट्रकचा धूर वाढतो हे त्याचं एक कारण.

हा हिशोब खिशात घेऊन चन्नम्मा चौकातून कॉलेज रोडने संभाजी चौकाकडे चालत जा. चौकाच्या मध्यापासून टेप टाका. उतार जिथे जिथे उघडा असेल तिथे रस्त्याच्या मधोमध पंधरा-वीस मीटर रुंद खड्डा असणार, दोन्ही बाजूंना भिंती. त्या लांबीत किती गल्ल्या फुटतात, किती दुकानांची दारं, किती शाळांची फाटकं, एकूण एक वहीत लिहा. प्रत्येक गल्लीच्या माणसाला पलीकडे जायला आता वळसा पडणार. वळसा किती मीटरचा, तेही लिहा. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं : उतार संपून गाडी वर येते तिथून पुढचा चौक किती लांब आहे? दीडशे मीटरवर सिग्नल असेल तर लाल दिव्याची रांग उलटी बोगद्यात शिरेल. कोंडी होती ती जमिनीवरून जमिनीखाली गेली, एवढंच काय ते.

माझा अंदाज विचाराल तर शहराच्या जुन्या भागात अशी मोकळी अडीचशे मीटरची दोन टोकं एका रेषेत सापडणं कठीण. कॅम्पच्या बाजूला सापडतील, पण तिथली जमीन लष्कराची. रेल्वे गेटच्या जागी फक्त हलक्या वाहनांचा मार्ग केला तर उंची साडेतीन मीटर पुरते, खोली साडेपाच-सहावर येते आणि उतार दीडशे मीटरच्या आत बसतो. नाव "बोगदा" नाही म्हणून पुढाऱ्यांना त्यात रस नसतो, पण बेळगावच्या मापाचं काम हेच आहे.

पायरी ५ : जमिनीच्या पोटात बघा

तोंडं मिळाली तर पुढे जा. आपल्या गावाखाली वरती जांभा आणि त्याच्या खाली काळा बसाल्ट, ढोबळमानाने असं. जांभा फसवा दगड आहे. खणताना कुऱ्हाडीने कापता येतो, हवेत राहिला की कडक होतो, म्हणून तर आपल्याकडची जुनी घरं त्याच्या चिऱ्यांवर उभी आहेत. पण त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-तांबूस, साबणासारखी माती असते. कोरडी असताना उभी राहते, पाणी लागलं की ओघळते. याच प्रकारच्या मातीने कोकण रेल्वेला पेडण्याच्या बोगद्यात जेरीस आणलं होतं. रेल्वे सुरू होऊन वीस वर्षं उलटल्यावर, ऑगस्ट २०२० मध्ये, त्याच बोगद्याची भिंत ढासळली. कोकणच्या गाड्या तेव्हा मडगाव-लोंढा-मिरज अशा वळवल्या, आणि आपल्या गेटवर राजधानी बघायला मिळाली.

अभ्यासाची सुरुवात विहिरींपासून करा. यंत्र यायच्या आधी आखणीच्या दोन्ही बाजूंच्या दोनशे मीटरमधल्या जुन्या विहिरी, आड, बोअर यांची यादी करायची. आमच्या मामांच्या अनगोळच्या घरामागे आड आहे. एप्रिलमध्ये दोर संपत आला तरी कळशी टेकत नाही, श्रावणात काठावर बसून हाताने पाणी घेता येतं. हा दोन टोकांमधला फरक म्हणजे तुमच्या बोगद्याच्या भिंतीवर पडणारा पाण्याचा दाब. वर्षभर दर पंधरवड्याला दोरीला गाठी मारून पातळी मोजणारा एक शाळकरी मुलगा तुम्हाला जी माहिती देईल ती एकदाच येऊन गेलेलं ड्रिलिंग मशीन देणार नाही.

त्यानंतर बोअरिंग. सगळीकडे सारख्या अंतरावर घेण्याचा मोह होतो. तोंडाशी दाट घ्या, दोन्हीकडे किमान तीन-तीन, मध्ये पन्नास मीटरवर एक चालेल. वर येणारा खडकाचा गाभा लाकडी पेटीत क्रमाने मांडतात. दहा सेंटीमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करायची आणि एकूण खोदलेल्या लांबीने भागायचं. दीड मीटरमध्ये असे तुकडे ९० सेंटीमीटर निघाले तर ६० टक्के. या आकड्याला आरक्यूडी म्हणतात. पंचवीसच्या खाली गेला तर खडक म्हणायचा तो नावालाच. पेटीचा फोटो मागा, नुसत्या तक्त्यावर विसंबू नका. तक्त्यात आकडा सुधारता येतो, पेटीतला भुगा लपत नाही.

पायरी ६ : खोदायचं कसं

चार मुख्य पद्धती आहेत. पहिली, वरून खणून पेटी बांधायची आणि पुन्हा झाकायचं. शहरातल्या उथळ कामाला हीच. दुसरी, तयार काँक्रीटची पेटी जॅकने ढकलत रुळांखालून न्यायची. वरून गाड्या कमी वेगाने चालूच राहतात, रेल्वेखालचे बहुतेक भुयारी मार्ग असेच होतात. तिसरी, सुरुंग लावून थोडं थोडं खोदत जायचं आणि लगेच शॉटक्रीट (म्हणजे फवारलेलं काँक्रीट), जाळी, बोल्टने आधार द्यायचा. चौथी, बोगदा खोदणारं अजस्र यंत्र. मुंबईच्या किनारी रस्त्याचे दोन जुळे बोगदे, सुमारे दोन-दोन किलोमीटरचे, बारा मीटरहून जास्त व्यासाच्या 'मावळा' यंत्राने खोदले.

बेळगावला कुणी चौथ्या पद्धतीचं चित्र दाखवलं तर नम्रपणे चहा पाजून पाठवा. असलं यंत्र आणून, जोडून, जमिनीत उतरवायलाच मोठं मैदान आणि बरेच महिने लागतात. एक-दीड किलोमीटरसाठी ते परवडत नाही.

सुरुंगाची पद्धत खडक चांगला असेल तिथेच, आणि वर बोगद्याच्या रुंदीच्या दीड-दोन पट खडक शिल्लक असेल तरच. शहापूर किंवा जुन्या बेळगावात वर मातीच्या भिंतींची, मंगलोरी कौलांची घरं असतील तर कामाआधी प्रत्येक घराची तड्यांची नोंद करा : घरमालकाच्या समोर, फोटोसह, दोघांच्या सह्या. जुन्या भेगेवर काचेची अरुंद पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख घालायची. भेग वाढली की काच तडकते, मग "ही आधीचीच भेग" असा वाद कुणाला घालता येत नाही. एका पट्टीचा खर्च चहा-भजीपेक्षा कमी.

पायरी ७ : पाणी

तोंड म्हणजे फनेल. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी, हा हिशोब शाळेतला आहे. उघडा उतार २०० मीटर लांब, १० मीटर रुंद धरा : २,००० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरची जोराची सर आली तर एका उतारावरून तासाला एक लाख लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ लिटर. दोन्हीकडचं मिळून ५६. हे फक्त उतारावर पडलेलं. वरच्या रस्त्याचं पाणी आत वळलं तर त्याला धरबंध नाही.

म्हणून तोंडाशी रस्ता आधी थोडा वर उचलायचा आणि मग खाली न्यायचा. घराच्या उंबऱ्यासारखा हा उंबरा पाणी बाहेर अडवतो. उतारावर आडव्या जाळीच्या गटारी, तळाला टाकी, टाकीवर पंप. पंप किमान तीन : एक चालू, एक मदतीला, एक दुरुस्तीत असं गृहीत धरून. वीज दोन वेगळ्या फीडरवरून आणि शिवाय जनरेटर, कारण आपल्याकडे जोराचा पाऊस आणि वीज दोन्ही एकाच वेळी नांदत नाहीत. दिल्लीचा प्रगती मैदान बोगदा जून २०२२ मध्ये थाटात खुला झाला. पुढच्याच वर्षी पावसाळ्यात पाणी भरून बंद ठेवावा लागला.

पंपाने उपसलेलं पाणी सोडणार कुठे, हा प्रश्न नकाशावर बाण काढून सुटत नाही. बळ्ळारी नाला पावसाळ्यात स्वतःच शेतात शिरतो. ऑगस्ट २०१९ ला शहरात काय झालं ते ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना विचारा. नाला काठोकाठ असताना तुमचा पंप त्यातच पाणी ओतणार असेल तर तुम्ही शहराचं पाणी शेतकऱ्याच्या दारात नेताय. पाणी रोखून धरायची वेगळी टाकी आखा आणि तिची जागा पहिल्या नकाशातच दाखवा.

पायरी ८ : हवा आणि आग

तीनशे-चारशे मीटरचा एकेरी बोगदा गाड्यांच्या हालचालीनेच बराच मोकळा होतो, पिचकारीत दट्ट्या ढकलावा तशी गाडी हवा पुढे ढकलते. पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा आठवा, एकेरी होता. दोन्ही दिशांची वाहतूक एका नळीत आणली की हा फायदा गेला. लांबी वाढली की छताला जेट पंखे, कार्बन मोनॉक्साइड मोजणारी यंत्रं आणि धूर मोजणारी यंत्रं लागतात. आतला धूर शेवटी तोंडातून बाहेर येतो, तिथे शाळा किंवा दवाखाना नको.

आगीच्या बाबतीत काटकसर करू नका. मार्च १९९९ मध्ये फ्रान्स-इटलीच्या माँ ब्लाँ बोगद्यात एका ट्रकला आग लागली आणि ३९ माणसं गेली. ट्रकमध्ये स्फोटकं नव्हती, मैदा आणि मार्गारीन होतं. आपल्याकडे गुळाच्या ढेपा किंवा उसाचं वाळलं पाचट घेऊन जाणारी गाडी रोज जाते. शेजारच्या नळीत पळून जायला आडव्या वाटा, पाण्याच्या वाहिन्या, विजेविना चालणारे दिवे, आणि अग्निशामक दलाची गाडी दोन्ही तोंडांना किती मिनिटांत पोचते याची प्रत्यक्ष चाचणी, तीही संध्याकाळी सहाला. पहाटे पाचला घेतलेली चाचणी कशाला?

बांधतानाही हेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले. ढासळलेला भाग तोंडापासून दोनशे-अडीचशे मीटरवरच होता. कच्च्या भागातून जाताना मागे जाड पाइप टाकून सुटकेची वाट ठेवायची असते. निविदेत हा पाइप वेगळी बाब म्हणून लिहा, नाहीतर कंत्राटदार तो वाचवतो.

पायरी ९ : कुणाकुणाच्या दारात जायचं

महापालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, स्मार्ट सिटीचे लोक हे उघड आहेत. रुळांखालून जायचं तर नैर्ऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग. कॅम्पमधून जायचं तर कँटोन्मेंट बोर्ड आणि संरक्षण खात्याची जमीन सांभाळणारं कार्यालय, आणि तिथे पत्राला उत्तर यायला पावसाळे जातात हे गृहीत धरून वेळापत्रक करा. किल्ल्याच्या जवळून जायचं तर आतल्या कमलबस्तीसारख्या संरक्षित वास्तूंपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा. हे वर्तुळ नकाशावर कंपासने आधी काढा. पाण्याच्या मुख्य वाहिन्या, ड्रेनेज, केबल यांचे नकाशे सगळ्या खात्यांकडून मागवा आणि मग त्यांच्यावर विश्वास न ठेवता दर पन्नास मीटरला हाताने चर खणून खात्री करा.

जमीन जाणार असेल तर पहिला प्रश्न : कोणत्या कायद्याखाली? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात २१. या २१ दिवसांत आपल्याकडचा शेतकरी काय करतो? कानडीत आलेली नोटीस कुणाकडून तरी वाचून घेतो, आणि तोवर दहा दिवस सरतात. म्हणून मंडळाने आधीच काम करून ठेवावं : आखणीतल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा उतारा काढायचा, त्यावरची नावं हयात माणसांची आहेत का ते बघायचं, वारसनोंद राहिली असेल तर आत्ताच अर्ज द्यायचा. आजोबांच्या नावावरचा उतारा असेल तर भरपाईचा चेक कोर्टात जाऊन बसतो. नोटिशीचा आणि सार्वजनिक सुनावणीच्या कागदांचा मराठी तर्जुमा लेखी मागा, पोच घ्या. हा मागायचा हक्क आहे, मेहेरबानी नाही, आणि भाषेचा वाद न करताही तो मागता येतो.

पायरी १० : माती, पैसा आणि गणपती

एक किलोमीटर लांब, शंभर चौरस मीटर छेदाचा बोगदा म्हणजे एक लाख घनमीटर खडक. फुटला की दीडपट फुगतो. टिप्परमध्ये दहा घनमीटर धरले तर पंधरा हजार खेपा, तीनशे कामाच्या दिवसांत रोज पन्नास. ज्या रस्त्यावरची कोंडी सोडवायला निघालात त्याच रस्त्यावर रोज पन्नास टिप्पर जाणार आणि पन्नास येणार. बसाल्ट चांगला असेल तर खडीमशीनवाले तो उचलतील, जांभ्याखालची माती कुणी घेत नाही. ती टाकायची जागा निविदेआधी ठरवा, नाहीतर ती एका रात्रीत कुठल्यातरी तळ्यात सापडेल.

पैशाचा अंदाज घ्यायला बेंगळुरूच्या हेब्बाळ-सिल्क बोर्ड बोगदा रस्त्याचं उदाहरण पुरे : सतरा किलोमीटरच्या आसपास लांबी, सतरा हजार कोटींच्या घरातला खर्च. साध्या उथळ पेटीचं काम याच्या कैक पट स्वस्त पडतं. पण कुठलाही अंदाज बघताना दोन आकडे वेगळे मागा : बांधायचा खर्च आणि पुढची वीस वर्षं दिवे, पंप, पंखे, माणसं चालवायचा खर्च. दुसरा आकडा बहुधा दिलेलाच नसतो.

वेळापत्रक करताना कॅलेंडर समोर ठेवा. शिवजयंतीच्या चित्ररथांचा रस्ता आणि गणेश विसर्जनाची मिरवणूक यांच्या वाटेत उघडा खड्डा ठेवता येणार नाही. त्या दिवसांआधी वर तात्पुरतं लोखंडी छत बसवून रस्ता मोकळा करायचा, हे कंत्राटात तारखांसह लिहा. मंडळांच्या कार्यकर्त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. आपल्या गल्लीतून किती उंचीचा गणपती जातो आणि कुठल्या तारेला अडतो हे त्यांच्याइतकं कुठल्याच सल्लागाराला माहीत नसतं.

पायरी ११ : उद्घाटनानंतर

एक वही करा. पंप आठवड्याला किती तास चालला, जनरेटरचं डिझेल, गटारींची सफाई, गळतीच्या जागा खडूने गोल करून तारीख. रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतं, मिरग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. रोहिणीच्या आत एका सकाळी बोगदा दोन तास बंद ठेवून टाकीत टँकरने पाणी ओता आणि वीज मुद्दाम तोडा. जनरेटर किती सेकंदात उचलतो, तिन्ही पंप चालतात का, तोंडाशी लाल दिवा लागून गाड्या थांबतात का, घड्याळ लावून टिपा. आणि जनरेटरच्या खोलीची किल्ली त्या वेळी कुणाकडे होती, त्याचं नाव आणि मोबाइल नंबर दारावर रंगवून घ्या.